'कळवतो' म्हणाले, मग आपण काय कळवायचे?

मुलाखत संपते. समोरचा साहेब कागद आवरता आवरता म्हणतो, "ठीक आहे, कळवतो." आमच्या वस्त्यांतील किती घरे या एका शब्दावर किती महिने काढतात, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. पोरगी घरी येते. आई विचारते, काय झालं गं? कळवतो म्हणालेत. मग मामाचा फोन येतो, शेजारची काकू विचारते, विहारात वंदना झाल्यावर कोणीतरी विचारतो. उत्तर तेच. महिनाभराने लोक विचारायचे सोडतात आणि पोरगी दुसऱ्या अर्जाच्या मागे लागते. पहिल्या ठिकाणी काय झाले, ते तिला कधीच कळत नाही. कारण त्यांनी कळवलेले नसते, आणि तिनेही काही कळवलेले नसते.

त्यांनी का कळवले नाही, यावर या पानावर पुष्कळ लिहून झाले आहे. आज आम्हाला लिहायचे आहे ते तिने का कळवले नाही यावर.

मुरुडहून मुंबईला मुलाखतीला जायचे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक. पहाटेची एस.टी. धरायची, नाहीतर अलिबाग गाठून मांडव्याहून लाँच. पावसाळ्यात गेटवेची लाँच बंद. मग २०२० पासून सुरू झालेली भाऊच्या धक्क्याची रो-रो, नाहीतर रस्ता. आगगाडी हवी असेल तर आधी रोहा गाठा. जाऊन येऊन अख्खा दिवस जातो, घरातल्या एकाची दिवसाची मजुरी भाड्यात जाते, आणि आत खुर्चीवर बसायला मिळतात पंधरा मिनिटे. वाडी ज्याची त्याची, होडी ज्याची त्याची. आमच्याकडे दोन्ही नसल्यामुळे पोरांची नजर नोकरीकडे. साळावचा पोलाद कारखाना, रोह्याजवळ धाटावची एम.आय.डी.सी., किनाऱ्यावरची रिसॉर्टे, आणि त्यापलीकडे नवी मुंबई. एवढा खर्च करून, एवढी वाट तुडवून आलेले पोर त्या पंधरा मिनिटांनंतर एकदम गप्प का बसते?

एक कारण साधे आहे. त्याला कोणी सांगितलेलेच नसते. मुलाखत झाली की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चार ओळींचा आभाराचा ई-मेल पाठवायचा, आणि सांगितलेली मुदत उलटली की विचारणा करणारा दुसरा मेल पाठवायचा, ही रीत कोणत्या पाठ्यपुस्तकात आहे? नोकरीच्या जाहिरातीत तर ती कधीच छापत नाहीत. ज्या घरांत तीन पिढ्या खुर्चीवर बसून नोकरी करीत आल्या, तिथे बाप जेवता जेवता पोराला सांगतो, "अरे, त्यांना एक मेल टाकून ठेव." ज्या महागड्या कॉलेजांत प्लेसमेंट सेल आहे, तिथे ते शिकवतात. आमच्या घरात पहिल्यांदाच कोणीतरी ऑफिसच्या मुलाखतीला गेलेले असते. त्याला कोण सांगणार?

२०१९ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यावरून चांगलाच वाद झाला. बिझनेस इन्सायडर या प्रकाशनातील वरिष्ठ संपादक जेसिका लीबमन यांनी लेख लिहून आपला नियम जाहीर केला. मुलाखतीनंतर जो उमेदवार आभाराचा मेल पाठवीत नाही, त्याला नोकरीवर घ्यायचे नाही, असा तो नियम. लोक त्यांच्यावर तुटून पडले. टीकाकारांचे म्हणणे असे होते, की न सांगितलेल्या नियमावर माणसाला नापास करायचे म्हणजे त्याचे काम तपासायचे नाही, त्याचे घराणे तपासायचे. आम्हाला हे म्हणणे शंभर टक्के पटते. पण पटले म्हणून नियम नाहीसा होत नाही. अमेरिकेतील कंपन्यांची रीत त्यांच्या इथल्या कचेऱ्यांत आली, तिथून आमच्या आय.टी. कंपन्यांत, बँकांत आणि कॉल सेंटरांत आली, आणि आता पनवेलच्या गोदामातला एच.आर. सुद्धा मेल आला की नाही हे बघतो. सगळेच बघतात असे नाही. पुष्कळांना त्याची काही पडलेली नसते. पण कोण बघतो आणि कोण नाही, हे बाहेरच्या बाकावर बसलेल्या पोराला कळायला मार्ग नाही. तेव्हा लिहावे.

दुसरे कारण खोल आहे, आणि आमच्या मते खरे कारण तेच. आमच्या माणसाला 'आभार' हा शब्द अडतो. यात त्याचा दोष नाही. ज्यांच्या आजा-पणजांना रस्त्यात कोणी दिसला की वाकून जोहार घालावा लागे, हक्काचे बलुतेसुद्धा मेहेरबानी म्हणून पदरात घ्यावे लागे, त्यांच्या नातवाला पंधरा मिनिटे प्रश्न विचारल्याबद्दल आभार मानायला सांगितले, की त्याच्या मनात पहिली शंका हीच येते: हे पुन्हा जोहार घालणे तर नव्हे? एका तरुणाने आम्हाला तोंडावर विचारले, "त्यांनी मला नोकरी दिली नाही, पाणी विचारलं नाही. आभार कशाचे?" प्रश्न बिनतोड वाटतो.

त्याला आम्ही चळवळीतलाच एक शब्द सांगितला. पोच. मोर्चा तहसील कचेरीवर जातो, निवेदन दिले जाते, तेव्हा जुना कार्यकर्ता नव्याला काय सांगतो? दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घे, आवक क्रमांक घे, पोच घेतल्याशिवाय हलू नकोस. ज्या निवेदनाची पोच नाही, ते दिलेच नव्हते असे उद्या साहेब म्हणू शकतो. मुलाखतीनंतरचा मेल ही तीच पोच आहे, फक्त इथे ती आपली आपणच तयार करायची. अमुक तारखेला, अमुक पदासाठी, अमुक मॅडमनी माझी मुलाखत घेतली, अमुक कागद मागितला, अमुक दिवसांत कळवतो म्हणाल्या, हे सगळे तारीख-वेळेसह त्यांच्या पेटीत आणि आपल्या पेटीत एकाच वेळी नोंदले जाते. 'आभारी आहे' हे दोन शब्द त्या पोचीचा शिक्का समजा. सरकारी कचेरीला माहितीचा अधिकार लागू आहे, खासगी कंपनीला तो लागू नाही. तिथे काय घडले याचा तुमच्या बाजूचा एकुलता एक कागद हाच.

आणि आभार मानूनही मान ताठ कशी राहते, हे बघायचे असेल तर बाबासाहेबांचे एक छोटे पत्र डोळ्यांखालून घालावे. १९४६ साली त्यांनी अमेरिकेतील काळ्या जनतेचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना ते लिहिले. दोघांची ओळख नव्हती. अमेरिकेतील काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज केल्याचे बाबासाहेबांच्या वाचनात आले होते, आणि त्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. पत्र जेमतेम पानभराचे. आपली भेट नाही पण आपले नाव ठाऊक आहे, मी कोण, हे पत्र का लिहितो, मला दोन-तीन प्रती हव्यात, या पत्त्यावर पाठवाव्यात, तसदीबद्दल मी ऋणी राहीन. संपले. आपल्या पदव्यांची यादी नाही, गयावया नाही, पाल्हाळ नाही. ड्यू बॉइस यांनी ३१ जुलै १९४६ ला उत्तर लिहिले. मागणाऱ्याने मागितले आणि आभारही मानले, पण दोन माणसे बरोबरीने बोलत आहेत हे ओळीओळीतून दिसते. आमच्या पोरांना आम्ही हेच पत्र नमुना म्हणून दाखवतो.

कारण प्रत्यक्षात ती काय लिहितात, तेही सांगितले पाहिजे. मुरुड तालुक्यातील आमच्या ओळखीची एक मुलगी बी.कॉम. झाली, टॅली शिकली, आणि नवी मुंबईतील एका कंपनीत लेखा सहायकाच्या जागेसाठी मुलाखत देऊन आली. दहा दिवसांत कळवतो म्हणाले. महिना झाला तरी पत्ता नाही. तिचे वडील आम्हाला म्हणाले, "दादा, तुमची तिकडे कोणाशी ओळख असेल तर फोन करा." आम्ही म्हटले, फोन नको, ताईलाच लिहू दे. तिने मोबाईलवर मजकूर लिहून दाखवला. सुरुवात 'परमपूज्य महोदय'. मग आपण अनुसूचित जातीतील असून घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची आहे, आई आजारी आहे, धाकट्या भावाचे शिक्षण चालू आहे, तरी मेहेरबान साहेबांनी सहानुभूतीपूर्वक विचार करावा ही नम्र विनंती. शेवटी 'आपली आज्ञाधारक'. टॅलीचा कुठे उल्लेखही नव्हता.

आम्हाला हसू आले नाही. ती भाषा तिने समाजकल्याण खात्याच्या शिष्यवृत्तीच्या अर्जांवरून उचलली होती. आमच्या मुलांना आयुष्यात लिहायला लागणारे पहिले अधिकृत पत्र म्हणजे शिष्यवृत्तीचा, वसतिगृहाचा, नाहीतर दाखल्याचा अर्ज, आणि त्या अर्जात गरिबी सिद्ध करावी लागते. नोकरीच्या पत्रात कुवत दाखवावी लागते. हा फरक कोणत्या शाळेत समजावून सांगतात? मुरुड १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होते. तेव्हाच्या लोकांनी नवाबाच्या दरबारी अर्ज केले, नंतरच्यांनी मामलेदाराकडे केले, आताचे ऑनलाइन करतात. 'मेहेरबान' मात्र आहे तिथेच आहे.

तिच्याबरोबर बसून आम्ही तो मजकूर अर्ध्या तासात सात ओळींवर आणला. कंपनीचे उत्तर नवव्या दिवशी आले. ती जागा आतल्याच माणसाला देण्यात आली होती, बायोडाटा पुढच्या वेळेसाठी ठेवून घेत आहोत, एवढेच. नोकरी मिळाली नाही. पण मुलीचे वाट बघणे त्या दिवशी थांबले, आणि रोह्याहून आलेले एक बोलावणे, ज्याला ती 'आधी तिकडचे कळू दे' म्हणून जात नव्हती, तिथे ती दुसऱ्याच आठवड्यात गेली. वाट बघण्यात गेलेल्या महिन्याची किंमत ज्यांच्या घरी शिल्लक पैसा आहे, त्यांना समजणार नाही.

आता मेल कसा लिहावा ते सांगतो. मुलाखत संपून उठताना, ज्यांनी घेतली त्यांचे नाव विचारून घ्यावे. त्यात संकोच करू नये. ज्या मेलने मुलाखतीला बोलावले, त्यालाच उत्तर म्हणून लिहावे, म्हणजे तो योग्य जागी पोचतो आणि मागचा संदर्भ त्याला चिकटलेला राहतो. विषयाच्या जागी पद, मुलाखतीची तारीख आणि आपले नाव. ही जागा रिकामी सोडलेला मेल बहुधा न उघडताच राहतो. मजकूर साधारण असा:

"माननीय मॅडम, काल, १२ तारखेला, लेखा सहायक पदाच्या मुलाखतीसाठी आपण वेळ दिलात, त्याबद्दल आभारी आहे. जी.एस.टी. विवरणपत्रांच्या वेळी कामाचा भार कसा असतो, हे आपण सांगितल्यामुळे कामाची चांगली कल्पना आली. टॅलीच्या प्रमाणपत्राची प्रत आपण मागितली होती, ती सोबत जोडली आहे. निर्णय दहा दिवसांत कळेल असे आपण म्हणाला होता. तोपर्यंत आणखी कोणता कागद लागल्यास कळवावे. आपली," आणि खाली पूर्ण नाव व मोबाईल नंबर.

बहुतेक ठिकाणी हे इंग्रजीत लिहावे लागेल. साधे, शाळेतले इंग्रजी चालते. चुकीच्या मोठ्या शब्दापेक्षा बरोबर असलेला छोटा शब्द केव्हाही चांगला. मुलाखत मराठीत झाली असेल तर मेलही खुशाल मराठीत लिहावा. रिसॉर्टचा मालक अलिबागचाच असतो. हल्ली मोबाईलला सांगितले की तो स्वतःच पत्र लिहून देतो. त्याची मदत घ्यायला आमची हरकत नाही, स्पेलिंग तरी सुधारते. पण त्याने दिलेला मजकूर आहे तसा पाठवू नये. तो भारदस्त असतो आणि सगळ्यांचा एकसारखाच असतो. त्यात जी.एस.टी.चे वाक्य नसते, कारण त्या खोलीत तो नव्हता, तुम्ही होता. पगाराची गोष्ट या मेलमध्ये काढू नये. घरची गरिबी लिहू नये. मुलाखतीत एखाद्या प्रश्नाचे उत्तर आले नसेल आणि बाहेर पडल्यावर आठवले असेल, तर ते एका वाक्यात जरूर लिहावे. हा फायदा तोंडी मुलाखतीत मिळत नाही.

ई-मेलचा पत्ताही जरा बघावा. 'रॉयल किंग', 'डॅशिंग बॉय' असले पत्ते कॉलेजात ठीक. नोकरीसाठी नाव-आडनावाचा साधा पत्ता वेगळा उघडावा. त्याला पैसे पडत नाहीत. शेवटी 'जय भीम' लिहावे का, असे आम्हाला पुष्कळ जण विचारतात. भेटीत जरूर म्हणावे. कचेरीच्या पत्रात आम्ही लिहीत नाही, आणि त्यात लपवाछपवी काहीच नाही. बाबासाहेबांची इंग्रजी पत्रे बघितली तर तीही त्या भाषेतल्या पत्राच्या रिवाजाप्रमाणे, साध्या समारोपाने संपतात.

लपवण्याचा खरा प्रश्न आडनावाचा आहे. ही काही आमच्या मनातली भीती नाही, मोजून दाखवलेली गोष्ट आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. वर्तमानपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४८०८ अर्ज पाठवले. शिक्षण आणि पात्रता सारखी, नावे मात्र वेगवेगळी: काही सवर्ण, काही दलित, काही मुस्लिम. दलित आडनावाच्या अर्जाला पुढे बोलावणे येण्याचे प्रमाण सवर्ण आडनावाच्या तुलनेत दोन तृतीयांशाच्या आसपास निघाले. मुस्लिम नावाच्या अर्जाचे तर एक तृतीयांश. मुरुड-राजपुरीतल्या मुसलमान पोरांनी हा आकडा वाचावा आणि आमच्या पोरांनीही वाचावा. दोघे एकाच एस.टी.ने मुलाखतीला जातात.

म्हणजे मुळात मुलाखतीची खुर्ची मिळण्याआधीच गाळणी लागलेली असते. मेलने ती गाळणी मोडेल असे जो सांगेल, तो फसवतो आहे. पण ज्याला खुर्ची मिळाली, त्याच्या वाट्याला पुढे काय येते, तेही त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात आहे. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी २५ कंपन्यांच्या एच.आर. व्यवस्थापकांशी बोलून तो केला. आम्ही फक्त गुणवत्ता बघतो, असे सांगणारेच व्यवस्थापक मुलाखतीत उमेदवाराची कौटुंबिक पार्श्वभूमी विचारतात, आणि घर चांगले तर माणूस चांगला, असा हिशेब मांडतात. वडील काय करतात? मूळ गाव कुठले? आजोबा कुठले? आमच्या कोकणात आडनाव बहुधा गावावरून आणि '-कर' लावून असते, त्यावरून काही उलगडा होत नाही, म्हणून मग गावातला कोणता भाग, असेही विचारतात. पंधरा मिनिटांतली दहा मिनिटे त्यात गेली, तर कामाचे बोलणे उरते किती?

इथे आमच्या मते त्या मेलचा सर्वांत मोठा उपयोग आहे. खोलीत बोलण्याची दिशा त्यांनी ठरवली. मेलमध्ये ती तुम्ही ठरवता. वडिलांचा, गावाचा, वाड्याचा एक शब्दही न काढता तुम्ही टॅलीवर, जी.एस.टी.वर, वेल्डिंगच्या प्रमाणपत्रावर, हॉटेलच्या रिसेप्शनवर बोलता, आणि फाइलमध्ये शेवटचा कागद तो राहतो. आडनाव बदलावे की ठेवावे, हा ज्याचा त्याचा निर्णय. बदलणाऱ्याला आम्ही नावे ठेवणार नाही, पण मेलखाली सही करताना जे कागदोपत्री आहे ते पूर्ण लिहावे. अर्धवट नावाने पुढे आधार कार्ड आणि गुणपत्रिका जुळवताना त्रासच होतो.

आता पाठपुराव्याकडे वळू. दहा दिवस म्हणाले असतील तर दहा दिवस थांबावे, वर दोन-तीन कामाचे दिवस जाऊ द्यावेत, आणि त्याच मेलला पुन्हा उत्तर म्हणून तीन ओळी लिहाव्यात: अमुक तारखेला मुलाखत झाली होती, निर्णय दहा दिवसांत अपेक्षित होता, सद्यःस्थिती कळवावी. रागाचा शब्द नको, काकुळतीचाही नको. आणखी पंधरा दिवसांनी एकदा. त्यानंतर थांबावे. रोज फोन करणाऱ्या उमेदवाराची कचेरीत थट्टा होते. व्हॉट्सअ‍ॅपवर, त्यांनी आधी तिथे संपर्क केला असेल तरच लिहावे, आणि रात्री दहा वाजता लिहू नये.

पाठपुरावा आमच्या समाजाला कोणी शिकवायला नको, असेही एकदा म्हणावेसे वाटते. इंग्रजांनी १८९२ च्या सुमारास महारांची सैन्यभरती बंद केली. नोकरी नाकारली गेलेल्या अख्ख्या समाजाने मग काय केले? आमच्याच जिल्ह्यातले, महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर. स्वतः सैन्यातून निवृत्त झालेले. त्यांनी १८९४ साली भरतीसाठी विनंतीअर्ज तयार केला. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी सासवडला ५१ गावांतील महारांची सभा घेतली आणि १५८८ सह्यांचा अर्ज मुंबई सरकारकडे पाठवला. दाद लागली नाही. १९१० साली त्यांनी थेट लंडनच्या भारतमंत्र्यांकडे अर्ज केला: सरकारी खात्यांतील खालच्या जागा द्या, पोलिसात घ्या, सैन्यात घ्या. त्या अर्जांची भाषा त्या काळच्या रिवाजाप्रमाणे नम्र होती, मागणी मात्र जराही ढिली नव्हती. १९१७ साली महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा महारांची १११ वी पलटण उभी राहिली, आणि युद्ध संपल्यावर काही वर्षांतच मोडली. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. मध्ये जवळपास पन्नास वर्षे गेली. ज्यांनी ती अर्जांची चळत लिहिली, त्यांच्या हाताशी टंकलेखक नव्हता, दिवसाकाठी पोचणारे टपाल नव्हते. आमच्या हातात मोबाईल आहे, आणि दहा दिवसांनंतर तीन ओळी लिहायला आम्ही लाजतो.

सरकारी नोकरीची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि इथे घोटाळा करू नये. सरकारी, निमसरकारी, बँकेच्या भरतीच्या मुलाखतीनंतर मंडळावरच्या कोणालाही आभाराचे पत्र पाठवू नये. जाहिरातीत बहुधा स्पष्ट लिहिलेले असते, की कोणत्याही मार्गाने शिफारस किंवा वशिला आणल्यास उमेदवार अपात्र ठरेल. तुमचा साधा मेल कोणी त्या खात्यात घातला तर नसते झेंगट. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट क आणि अराजपत्रित गट ब च्या पदांसाठी मुलाखतच बंद केली, ते या दृष्टीने बरेच झाले; कागदावर मिळवलेले गुण तोंडी फेरीत कापण्याची एक वाट तरी अरुंद झाली. जिथे मुलाखत उरली आहे, तिथे तुमची पोच म्हणजे २००५ चा माहितीचा अधिकार. निकाल लागल्यावर दहा रुपयांचा अर्ज करावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही शुल्क नाही. आपले लेखी आणि तोंडी गुण, आपल्या प्रवर्गातील शेवटच्या निवडलेल्या उमेदवाराचे गुण, भरलेल्या जागा आणि बिंदुनामावली मागावी. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो. उत्तराची मुदत ३० दिवस. न आल्यास पहिले अपील. मुलाखत घेणाऱ्यांची नावे मागत बसू नये. ती देण्याचे बंधन नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली सांगितले आहे.

मुरुडला आणखी एक अडचण, जी मुंबईच्या एच.आर.ला समजत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आले, तेव्हा मुरुड-श्रीवर्धनच्या पट्ट्यात विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावे दिवसेंदिवस फोनविना होती. साध्या पावसातही वीज जाते, रेंज जाते. त्या दिवसांत आलेला 'उद्या कागद घेऊन या' असा मेल चार दिवसांनी दिसला, तर गप्प बसू नये. वादळामुळे आमच्या भागात संपर्क बंद होता, मेल आज वाचला, मी अमुक दिवशी येऊ शकते, असे सरळ लिहावे. घडलेले कारण लिहिण्यात कमीपणा नाही. बायोडाटात दुसऱ्या गावात राहणाऱ्या नातेवाइकाचा एक जादा नंबर असला, तर अशा वेळी उपयोगी पडतो.

वस्तीत निवृत्त कारकून, बँकेतले कर्मचारी, शिक्षक पुष्कळ आहेत. रविवारी वंदना झाल्यावर अर्धा तास बसून पोरांचे मेल वाचून द्यावेत, 'परमपूज्य' आणि 'आज्ञाधारक' तेवढे खोडावेत, एवढे काम त्यांना सहज जमेल. आमच्याकडे असे बसल्यावर पहिल्याच दिवशी एका मुलाने विचारले, की रिसॉर्टवाल्याने ई-मेल दिलेलाच नाही, फक्त व्हिजिटिंग कार्ड आहे आणि त्यावर पत्ता. मग पोस्टाने पाठव, आम्ही सांगितले. पूर्वीचे रजिस्टर पोस्ट २०२५ साली स्पीड पोस्टातच मिळवले आहे, तेव्हा खिडकीवर स्पीड पोस्ट म्हणून द्यायचे, पावतीवरचा नंबर मोबाईलवर टाकून कधी पोचले ते बघायचे, आणि पावती बायोडाटाच्या प्रतीला टाचून ठेवायची.